गरोदरपणात चांदीयुक्त क्रीम वापरावे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): मला सातवा महिना चालू असून चेहऱ्याच्या क्रीमवर ‘सीआय ७७८२०’, म्हणजे चांदी, असा घटक आढळला. बाळाला अंगावर पाजत असतानाही ते वापरता येईल का?

उत्तर १: अखंड त्वचेतून चांदी फारच थोडी शोषली जाते, त्यामुळे रंगापुरत्या चांदीला घाबरू नये, मात्र स्तनाग्रांवर ते लावू नका, कारण ते थेट बाळाच्या तोंडात जाईल. पोटात घेण्याचे चांदीचे द्रावण पूर्णपणे टाळावे, कारण चांदी साठून त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते.

उत्तर २: भाजल्यावरचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम घरोघरी असते, म्हणून सांगते. त्यातील सल्फामुळे नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका असल्याने प्रसूती जवळ आल्यावर आणि दोन महिन्यांखालील बाळांना ते टाळतात. इथे दोष चांदीचा नाही.

उत्तर ३: माझे माहेर चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीचे, त्यामुळे बाळाच्या चांदीच्या वाळ्यांबद्दलही हेच विचारले जाते. वाळ्यांतून चांदी अंगात जाण्यापेक्षा सुटलेले घुंगरू बाळाने गिळण्याची भीती अधिक खरी आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. मलम बाजूला ठेवले असून क्रीमची डबी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवेन.