सोलापुरात यशस्वी झालेली पर्यावरण मोहीम : तुमचा अनुभव लिहा

५ जूनला रोप लावून फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावायचं, हे इथे नको. जे खरंच बदललं आणि पुढच्या मोसमातही टिकलं, तेवढंच लिहा. कुणाला गाठलं, कुठला कागद दिला, कोण चिडलं, तेही येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या गल्लीतली तीन जुनी कडुलिंबं गटारीच्या लाईनसाठी पाडायची नोटीस खोडावर चिकटवली होती. पोरं घोषणा द्यायला तयार होती. पण हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते, साधारण सात दिवस, आणि त्यात लेखी गेलं नाही तर घोषणा कोण ऐकणार? १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला जादा संरक्षण आहे. वय दाखवायचं कसं? आत्याच्या लग्नाच्या फोटोत मांडवामागे तीच लिंबं निघाली! हरकतीला तो फोटो जोडला, लाईन रस्त्याच्या दुसऱ्या कडेने न्यायचा नकाशाही दिला. माझ्या मते काम त्या नकाशाने केलं. नुसतं ‘नको’ म्हणणाऱ्याला कुणी खुर्ची देत नाही.

जुळे सोलापूर
आम्ही शाडूच्या गणपतीवर ऐन श्रावणात व्याख्यानं ठेवायचो. तोवर मूर्तिकाराकडे पीओपीच्या मूर्ती रंगून तयार. त्याने त्या कुठे घालायच्या? आता अपार्टमेंटची यादी उन्हाळ्यातच होते आणि निम्मे पैसे आगाऊ जातात. शाडू सावकाश वाळतो, दमट हवेत तर फारच, त्यामुळे लवकर ऑर्डर त्यालाही हवीच असते. उंची फुटाच्या आत. भाव जास्त, त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं झाली, अजून होतात.

खरा विरोध आज्यांचा. ‘देवाला पार्किंगमधल्या टाकीत बुडवायचं?’ शेवटी सिद्धेश्वर तलावातून कळशीभर पाणी आणून आधी टाकीत ओततो, मग आरती. त्यानंतर एकीनेही तक्रार केली नाही. माती विरघळली की कुंड्यांना.

माळावरचा
आमची मोहीम झाडं न लावण्याची होती, हसू नका. नान्नजच्या, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या बाजूचा आहे मी. शहरातून ट्रकभर रोपं घेऊन मंडळी आली, माळ ‘हिरवा’ करायला. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच, आणि त्याला लांबवरचं दिसावं लागतं. आता तो दिसणं नशिबाचं, पण काळवीट, लांडगा, धाविक पक्षी याच गवताळ माळावर जगतात. पडीक म्हणून लिहिलेली जमीन पडीक नसते.

गाव मात्र लगेच बाजूने आलं नाही. काळवीट ज्वारीत घुसतात, त्यांचा पुळका कुणाला येणार? म्हणून आधी पीकनुकसानीचे अर्ज भरून द्यायला बसलो, पक्ष्यांचं बोललो नंतर. रोपं शाळेच्या आवारात आणि ओढ्याकाठी लागली. माळ मोकळा आहे.

सकाळचा फेरफटका
संभाजी तलाव. जलपर्णी काढतात, पेपरात फोटो येतो, पुन्हा उगवते. नाल्याचं सांडपाणी तिला खत पुरवतं, मग ती का नाही उगवणार? आम्ही ‘जलपर्णी काढा’ म्हणणं सोडलं, आता ‘नाला वळवा’ एवढंच मागतो. निकाल नाही.

जुळे सोलापूर
काय करलालास बे, धागा यशाचा हाय!

सकाळचा फेरफटका
मागणी बरोबर झाली की, तेच यश समज.

पूर्व भाग
आमच्याकडं यंत्रमागावरचे कटपीस किलोवर मिळतात. बायकांनी पिशव्या शिवल्या, चार भाजीवाल्या मावशींकडं ठेवल्या. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, तेव्हा दंडाच्या भीतीनं थोडे दिवस चाललं, मग सगळे विसरले. पिशवी चालली ती अनामतीमुळं. दहा रुपये ठेवायचे, पिशवी आणली की परत. निम्म्या परत येतच नाहीत, लोकांना आवडल्यात. त्याच पैशात पुढचं कापड येतं. फक्त टॉवेलचा कटपीस घेऊ नका ओ. कोथिंबिरीचं सगळं पाणी पितो, घरी जाईपर्यंत पिशवी जड.