शब्दचर्चा : वळीव आणि अवकाळी एकच का?

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर गडगडाटासह पाऊस झाला की बातम्यांत तो हल्ली सरसकट 'अवकाळी' असतो. आमच्या घरात मात्र त्याला 'वळीव' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पावसाचे आहेत का? आणि 'वळवाचा' हे वळीवचंच रूप ना?

उत्तर : रूपाचं आधी सांगतो. हो, वळीवचंच. हरीण-हरणाचं होतं तसं वळीव-वळवाचा.

अर्थ मात्र वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहावेत असं मला मनापासून वाटतं. मी बरीच वर्षं आभाळाच्या नोंदी ठेवतो. 'अवकाळी' एवढंच सांगतो की हा पाऊस पडायची ही वेळ नव्हे. 'वळीव' म्हटलं की त्या पावसाचा सगळा स्वभावच समोर येतो. उन्हाळा सरताना येणं हीच त्याची वेळ, मग त्याला अवकाळी कसं म्हणायचं? हवामान खात्याच्या हिशोबातही मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम असतो आणि त्यात हा पाऊस धरलेलाच असतो.

वळवाचा दिवस सकाळी ओळखू येत नाही. आभाळ निरभ्र असतं, ऊन चटके देतं. दुपारी ढग उभे वाढू लागतात, आडवे पसरत नाहीत. त्यांतला एखादा इतका उंच जातो की त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट होतो. वारा पडतो, जीव घुसमटतो. मग एकाएकी धूळ उडवत गार वारा सुटतो. ढगात पावसाने थंड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, म्हणून पाऊस पोचण्याआधी वारा पोचतो. मातीचा वासही त्याच्याबरोबरच येतो, कारण पलीकडे कुठेतरी सर पडून गेलेली असते. त्यानंतर टपोरे थेंब, कधी गारा, आणि बहुधा तासाभरात सगळं शांत. एका गावात ओढे वाहतात आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात हे ढग बहुतेक वेळा पूर्वेकडून चढतात. मान्सूनचे पश्चिमेकडून येतात.

प्रश्न : मग अवकाळी नेमका कोणता?

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडणारा तर नक्कीच. उत्तरेकडून जाणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी कमी दाबाची प्रणाली, आणि समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे यांची गाठ पडली की दोन-दोन दिवस मळभ राहतं आणि अनेक जिल्ह्यांत एकदम पाऊस होतो. २०१४च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपीट झाली, तेव्हा गहू-हरभरा शेतात उभा होता. तिला अवकाळीच म्हणायला हवं. मार्च महिना सीमेवरचा आहे. तिथे मी तारखेपेक्षा ढग बघतो : तापलेल्या दुपारी एका जागी उभा राहून कोसळला तर वळीव, मळभ धरून सगळीकडे पडला तर अवकाळी.

आणखी एक मत : शेतकऱ्याच्या बोलण्यात 'अवकाळी'मध्ये नुकसान गृहीत असतं, हेही लक्षात घ्या. आमच्याकडे मेमधल्या पावसालासुद्धा, काढलेला कांदा भिजला की अवकाळी म्हणतात. आणि जमिनीत ओल येऊन नांगरटीला सोपं गेलं, तर त्याच पावसाला 'वळीव चांगला झाला' म्हणतात. मदतीच्या सरकारी कागदांवर 'अवेळी पाऊस', 'अवकाळी पाऊस व गारपीट' असे शब्द असतात. बातम्यांत ते तिथूनच रुळले असावेत, असं मला वाटतं.

उत्तर : हे पटलं. नुकसानीच्या अंगाने तो शब्द योग्यच आहे. माझा आग्रह एवढाच की 'वळीव' शब्दाने जे नेमकं कळतं, ते त्यापायी हरवू नये.

प्रश्न : म्हणजे मे महिन्यातला कोणताही पाऊस वळीव म्हणावा?

उत्तर : नाही. १७ मे २०२१ रोजी मुंबईत दिवसभर धुवांधार पाऊस झाला, तो तौक्ते चक्रीवादळाचा. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खातं त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतं. समुद्रावर तयार होऊन शेकडो किलोमीटर पसरलेली ती गोष्ट आणि एका दुपारचा ढग यांची जात निराळी. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत पोचला. तिथली सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्या आठवड्यातल्या पावसाला कुणी वळीव म्हटलं तर ते चूकच.

प्रश्न : ऑक्टोबरमध्येही दुपारी असाच गडगडाट होतो. त्यालाही वळीव चालेल?

उत्तर : ढग त्याच जातीचा असतो, पण मी वापरत नाही. त्याला 'परतीचा पाऊस' हा रुळलेला शब्द आहे आणि जुनी माणसं नक्षत्रावरून 'हस्ताचा' किंवा 'हत्तीचा' पाऊस म्हणतात.

क्रियापदंही सांभाळायला हवीत. वळीव कोसळतो, बरसतो, हुलकावणी देतो. झड मात्र 'लागते', कारण ती दिवसेंदिवस चालते. मळभ दाटतं, आभाळ भरून येतं. 'वळवाची झड लागली' असं परवा एका लेखात वाचलं. झड श्रावणातली, वळवाची फार तर सर.