मदत हवी आहे: आंजर्ल्याच्या खाडीतला पांढरा बगळा कोणता?

आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीला सलग ३ दिवस एक पांढरा बगळा दिसतोय. सोबत काळपट समुद्री बगळे असतात (या जातीत पांढरं रूपही असतं). पावलं पिवळी, पण पिवळेपणा पायावर बराच वर चढलेला. चोच पिवळट तपकिरी, जाडसर. ॲपने ‘छोटा बगळा’ सांगितलं. पूर्ण वाढलेल्या ‘छोटा बगळा’ जातीच्या पक्ष्याची चोच काळी असते, पण कोवळ्या पक्ष्याची फिकट असू शकते, तिथेच अडलोय. गायबगळा नक्की नाही, तो शेतात रोज बघतो.

दुर्बीण ८×४२ आहे, कॅमेरा नाही. जवळ गेलं की सगळे उडतात, त्यांचं खाणं मोडतं, म्हणून जात नाही.

समुद्री बगळ्याचं पांढरं रूप आणि कोवळा छोटा बगळा लांबून वेगळे ओळखायला चोचीच्या आकारावर भरवसा ठेवावा की पायांच्या रंगावर?