साथीची सज्जता आणि मृत्यूंची खरी मोजदाद

सायली_कु:
2019 च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरा होता. पुढच्याच वर्षी कोविडने दोन्हीकडे हाहाकार माजवला. मग एखाद्या देशाची सज्जता पारखायची कशी? भारतात तर साथीने किती बळी घेतले यावरच एकमत नाही. 2020 आणि 2021 मिळून सरकारी आकडा सुमारे 4.8 लाख, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 47 लाख. एवढी तफावत कशी?

दक्षिणवारा:
दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सरकारी आकड्यात कोविडमुळे झाले म्हणून नोंदलेले मृत्यूच येतात. संघटनेच्या अंदाजात मात्र एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा जास्त झालेले सगळे मृत्यू येतात, त्यामुळे खाट न मिळाल्याने दगावलेला हृदयरुग्णही त्यात धरला जातो. हा अंदाज काही राज्यांच्याच नोंदींवरून बांधलेला होता, त्यामुळे केंद्र सरकारचा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. तरीही नागरी नोंदणीत 2020 साली सुमारे 81.2 लाख मृत्यू होते आणि 2021 साली सुमारे 1.02 कोटी, ही आकडेवारी तर सरकारचीच आहे.

अनघा_प:
ही सगळी वाढ साथीच्या खात्यावर टाकता येणार नाही. भरपाईसाठी दाखला लागत असल्याने एरवी नोंदलेच गेले नसते असे काही मृत्यूही त्यात आले असणार.

नोंदवही:
अनघाताई, मान्य. पण खरी उणीव कारणाच्या नोंदीत आहे. 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. त्या प्रमाणपत्रात आधी तात्कालिक कारण, मग ते कशामुळे उद्भवले आणि शेवटी मूळ आजार अशा ओळी असतात. पहिल्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहून बाकीच्या कोऱ्या ठेवल्या, तर त्यातून काहीच कळत नाही, कारण हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! पेरूने मे 2021 च्या अखेरीस निकष बदलून आपला आकडा सुमारे 69 हजारांवरून 1.8 लाखांवर नेला, आणि तशी दुरुस्ती करायलाही मुळात मृत्यूची नोंद हाताशी असावी लागते. आपल्याकडे मृत्यू 21 दिवसांत नोंदवण्याचा नियम आहे, पण 2021 ची देशव्यापी आकडेवारी मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. साथ ऐन भरात असताना कोणत्या जिल्ह्यात मृत्यू अचानक वाढले आहेत, हे अशा अहवालावरून कोणालाच कळणार नाही. म्हणून सज्जतेच्या कोणत्याही निर्देशांकात मी व्हेंटिलेटरच्या संख्येआधी हा विलंब तपासेन.