जास्त रनिंगसाठी जुनी डिझेल गाडी: खान्देशातले अनुभव सांगा

मामेभावाला गाडी घ्यायची आहे. राहतो चोपड्याला, नोकरी बियाणे कंपनीत, आणि दिवस सगळा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. एका बाजूला यावल, फैजपूर, सावदा, रावेर, दुसऱ्या बाजूला शिरपूर, शहादा. महिन्याला तीन हजार किलोमीटर कुठे जात नाहीत. बजेट साडेचार लाख. एवढ्यात नवी डिझेल येत नाही. मारुतीने तर 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 (प्रदूषणाचे कडक निकष) लागू झाल्यावर डिझेल बंदच केलं. म्हणजे जुनीच बघायची.

'सगळ्यात बेस्ट कोणती' असं मी विचारत नाही. तुमच्याकडे कोणती होती, किती चालली, पैसा कुठे गेला आणि रस्त्यात बसली तेव्हा कोणी उठवली, एवढं लिहा. माझं मत आधीच सांगून ठेवतो: मीटरवरच्या आकड्यापेक्षा आधीच्या मालकाने ती कशी चालवली याला जास्त किंमत आहे. हायवेवर दीड लाख झालेली गाडी मी गावात साठ हजार रखडलेल्या गाडीच्या आधी बघेन. पटत नसेल तर भांडा.

जळगाव, औषध कंपनीचा प्रतिनिधी

डिझायर डिझेल, 2014 चं मॉडेल, एमएच 19 पासिंग. घेतली तेव्हा नव्वद हजार झाले होते, आता अडीच लाखांच्या पुढे आहे. इंजिन अजून उघडलेलं नाही. हे 1248 सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, टाटाची व्हिस्टा आणि मान्झा, फियाटची पुंटो आणि लिनिया, सगळ्यांत तेच. त्यामुळे पार्ट जळगावला दुकानात हातोहात मिळतो आणि मिस्त्री डोळे झाकून काम करतो. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, तो एक खर्च वाचला.

आता दुखणं. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी मेलेली असते. सावदा-रावेर पट्ट्यात केळीचे ट्रक ओव्हरटेक करताना आधी गिअर खाली टाकायचा, मग टर्बो जागा होतो, मग निघायचं. नवा माणूस तिसऱ्यात दाबत बसतो आणि समोरून एसटी येते. अर्टिगा, सियाझ, ब्रेझाला हेच इंजिन 90 पीएसचं आहे, आमचं 75. क्लचप्लेट बेरिंगसकट एकदा बदलली, पुढचे सस्पेन्शन बुश दर दोन वर्षांनी जातात (आपले रस्ते, दुसरं काय), एकदा अल्टरनेटर. ऑइल दहा हजाराला म्हणजे दहा हजारालाच, पुढे ढकलायचं नाही. हायवेला बावीसचं ॲव्हरेज, मे महिन्यात एसी फुल असला की एकोणीस.

सियाझ-अर्टिगावर मागे 'एसएचव्हीएस' (मारुतीचं माइल्ड हायब्रिड) लिहिलेलं असेल तर तिची बॅटरी वेगळी आणि महाग असते. भाव करताना बॅटरी किती जुनी ते विचारा.

धुळे, टूरच्या गाड्या

माझ्याकडे दोन इनोव्हा होत्या, जुनी 2.5 लिटरवाली, क्रिस्टाच्या आधीची. एकीने चार लाख ओलांडले. शिर्डी, सुरत, इंदूर, नाशिक, गाडीला इंजिन थंड व्हायला वेळच मिळायचा नाही, आणि तेच तिला मानवलं. पण साडेचार लाखांत जी इनोव्हा मिळेल तिच्या अंगात काही उरलेलं नसेल. चांगलीचा भाव पडत नाही, हा तिचा दोष समजा.

एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. हिला टायमिंग बेल्ट आहे, आणि वेळ झाली की डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. तो दिवा बेल्ट न बदलताही विझवता येतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. म्हणून दिवा बघू नका, बिल मागा. बिल नसेल तर बेल्टचे पैसे भावातून कापा आणि घरी नेण्याआधी गॅरेजला न्या. डस्टरच्या 1461 सीसी इंजिनलाही बेल्टच आहे, तिथेही हेच.

टोयोटाच हवी तर इटिऑस डिझेल बघा. 1364 सीसी, 68 पीएस. दिसायला साधी, आतलं प्लास्टिक त्याहून साधं, पण दर पाडून मागणारं गिऱ्हाईकही चार दिवस बसून तक्रार करत नाही. फक्त एवढं की बऱ्याच इटिऑस आधी पिवळ्या पाटीच्या होत्या, मग पांढऱ्या झाल्या. आरसीचा इतिहास ऑनलाइन दिसतो, तो काढा. टॅक्सीला चाललेली गाडी वाईट असते असं मी कसं म्हणू? पण मीटरवर ऐंशी हजार आणि पाटी एकेकाळी पिवळी, हे गणित जमत नाही.

भुसावळ, गॅरेज चालवतो

सगळे कंपन्यांची नावं सांगतायत. मी गाडी कशी बघतो ते सांगतो, बाकीचं तुम्ही ठरवा.

मालकाला आदल्या दिवशी फोन करायचा: गाडी सकाळपासून चालू करू नका, मी येऊन सेल्फ मारतो. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनात दिसणारं काहीतरी लपवायचंय. त्या दिवशी चहा पिऊन परत. गार असेल तर सेल्फ मारून मागे उभं राहायचं. पहिला पांढुरका धूर क्षणभर आला आणि गेला तर चालेल. येतच राहिला आणि डोळे चुरचुरले तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा लोट म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा पाइप, इंजेक्टर, या क्रमाने बघायचं.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायचं झाकण सैल करून उलटं तोंडावरच ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि आतून भक्‌भक् धूर आला, तर रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन खाली उतरतंय. तिथे हाफ इंजिनच्या (इंजिन उघडून रिंगा-पिस्टनच्या) कामाचा हिशेब धरा. इंटरकूलरचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवा. ओलसर असणं नेहमीचं, बोटावरून ऑइल ओघळलं तर टर्बोचा सील.

कॉमनरेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोराच्या दाबाने डिझेल जातं ती) खरा पैसा इंजेक्टरमध्ये असतो. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) छोट्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं आलं पाहिजे. एकीत दुप्पट आलं की तो इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे जाणार. ही तपासणी कोणी करू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका, मग ती कितीही चकचकीत असो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. इथल्या मेमध्ये 45 अंश ही नेहमीची बाब आहे. रेडिएटरचं झाकण (इंजिन थंड असताना, हात भाजून घेऊ नका) उघडून आत बघा. रंगीत कूलंट हवं. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय, आणि आतून गंज धरलाय. अशी गाडी डिसेंबरात झकास चालते आणि एप्रिलमध्ये हेड गॅस्केट घेऊन माझ्याकडे येते. डिझेल गाडी घ्यायची ती उन्हाळ्यात बघून घ्या, एसी लावून, भरदुपारी.

मीटर फिरवलेलं ओळखायला टायरवरचा चार आकडी कोड वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार सांगतं आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण, तर पहिला सेट गेला कुठे? क्लच पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झिजलेली बाजूही बोलते. माझे उस्ताद म्हणायचे, "गाडी चांगली शे, पन मालक खराब व्हता." निम्म्या गाड्यांना हेच लागू पडतं.

(बाटल्यांची तपासणी मला माहीतच नव्हती. भावाला सांगतोय. – धागाकर्ता)

जळगाव, डाळमिलशी संबंधित व्यवसाय

दिल्लीच्या गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाड्या स्वस्तात निघतात आणि आपल्याकडच्या एजंटांकडे रांगेने उभ्या राहतात. आमच्या गल्लीत एकाने घेतली, इथल्या भावापेक्षा लाखभर स्वस्त. एजंटने 'एनओसी आहे' एवढंच सांगितलं. पुढे महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागला, नंबर बदलला, तिथला टॅक्स परत मागायचा तर अर्ज तिथल्या आरटीओत. स्वस्ताई निम्म्याच्या वर तिथेच गेली. गाडी मात्र उत्तम निघाली, गंज नाही, एसी थंडगार. म्हणजे वाईट सौदा नाही, फक्त टॅक्सचा आकडा आधी काढून मग भाव बोला.

आणि बोजा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29, 30 (गाडी नावावर करायचे) यांवर मालकाची सही तुमच्यासमोर. ई-चलन बाकी आहे का तेही बघा, मुंबई-पुण्याच्या गाडीवर हमखास असतं.

शिरपूर, रोज धुळ्याला अप-डाऊन

मी बँकेत आहे, गाडी स्वतः चालवते. फोर्ड ॲस्पायर, 1.5 डिझेल. 2021 मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि भाव धडकन पडले, तेव्हा घेतली. घरात सगळ्यांचा विरोध, सासरे तर म्हणाले, कंपनीच पळून गेली, गाडी काय करणार. इंजिनबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. चौथ्या गिअरमध्ये लळिंगचा चढ सहज चढते, नाशिकला जाताना ते बघून घेतलंय. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सहज मिळतात. पण मागच्या दाराचं लॉक बिघडलं तेव्हा पार्ट मागवून यायला आठवडे लागले. तुमचा भाऊ एका गाडीवर पोट भरतो, त्याची गाडी पार्टसाठी उभी राहिली तर कमाई उभी राहील. त्याला मी ही घ्या म्हणणार नाही. घरात दुसरी गाडी असेल त्याने जरूर घ्यावी.

धडगाव भागात रस्त्यांची कामं, सध्या मुक्काम नंदुरबार

बोलेरो. तोरणमाळ, चांदसैली घाट, पावसाळ्यात फरशीपुलावरून वाहणारं पाणी, तिथे दुसरं काही चालत नाही. धडगावला भर बाजारात कोणीही पाना घेऊन दुरुस्त करतो. पण रोज सपाट हायवेवर पळायचं असेल तर नको. नव्वदच्या पुढे आवाज, कंबर धरते, ॲव्हरेज पंधरा.

पाचोरा, शिक्षक

सगळे डिझेल डिझेल करतायत म्हणून उलटा हिशेब मांडतो. दर बदलत राहतात, तरी डिझेल 90 आणि पेट्रोल 104 धरा. डिझेलचं ॲव्हरेज 20, पेट्रोलचं 15. वर्षाला 36,000 किलोमीटर असतील तर डिझेलला 1,62,000 रुपये, पेट्रोलला सुमारे 2,49,600. फरक सत्त्याऐंशी हजारांचा, त्यामुळे तुमच्या भावाचं ठीक आहे. पण माझ्यासारखा वर्षाला 8,000 चालवणारा? डिझेल 36,000, पेट्रोल साडेपंचावन्न. वाचले साडेएकोणीस हजार, आणि एखाद्या वर्षी एक इंजेक्टर तेवढे खाऊन टाकतो. इथे वाचून कोणी हौसेने डिझेल घेऊ नये म्हणून लिहिलं. आणि धाग्यात सीएनजीचं नावही नाही, याचं आश्चर्य वाटतं.

(सीएनजीचा विचार झाला, सर. त्याला डिकीत बियाण्यांच्या सॅम्पल पिशव्या ठेवायच्या असतात, आणि यावल-रावेरकडे पंपावरच्या रांगेत तास घालवणं परवडत नाही. – धागाकर्ता)

चाळीसगाव, कन्नडला जाणं-येणं

बजेट थोडं वाढवून बीएस-6 डिझेल घ्यायचा मोह होईल. माझ्याकडे आहे, 2020 ची. हिच्या सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी वेगात, सलग पळावी लागते. मला कन्नड घाट आणि पुढचा रस्ता मिळतो, म्हणून कधी त्रास नाही. शेजाऱ्यांची तीच गाडी शाळा-बाजार-शाळा करते, तिचा दिवा सारखा पेटतो. चोपड्याच्या भावाला ही चालेल, पण ऑइल डीपीएफला चालणारंच टाकायचं, गॅरेजच्या ड्रममधलं सुटं नाही. आणि 'डीपीएफ काढून टाकलाय, कटकट नाही' असं सांगून कोणी विकत असेल तर पीयूसीला अडकाल.

चोपडा (ज्याच्यासाठी धागा काढला तो)

दादा, सगळं वाचलं. येत्या रविवारी दोन डिझायर आणि एक इटिऑस बघायला जळगावला येतोय, तिन्ही मालकांना गाडी बंद ठेवायला सांगितलंय. एक जण लगेच म्हणाला, "बॅटरी उतरलीय, सकाळी चालू करून ठेवावीच लागेल." त्याचं नाव कापलं. भुसावळच्या भाऊंना विचारायचं होतं, बाटल्यांची तपासणी करायला तुम्ही जळगावला याल का, की गाडी तुमच्याकडे आणू?

भुसावळ, गॅरेज चालवतो

गाडी इकडे आणा. येताना हायवेवर तुम्हीच चालवा, मालकाला शेजारी बसवा, एसी लावा आणि टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. दहाच्या आत या, नंतर गर्दी होते.