निफाडहून रोज ये-जा, की नाशिकला मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात वसतिगृह? अकरावी विज्ञानाबाबत सल्ला हवा

प्रश्न : द्राक्षबाग_निफाड

नमस्कार. माझी थोरली मुलगी या वर्षी सेमी-इंग्रजी माध्यमातून ८८ टक्के गुण मिळवून दहावी उत्तीर्ण झाली आहे. तिला विज्ञान शाखा घ्यायची आहे, जीवशास्त्राची विशेष आवड आहे आणि गणिताचीही तिला भीती नाही. आमच्यापुढे सध्या दोन पर्याय आहेत. पहिला, नाशिकमधील केवळ मुलींसाठी असलेले एक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालय, ज्याला लागूनच वसतिगृह आहे. दुसरा, एका खासगी क्लासचा ‘इंटिग्रेटेड’ वर्ग. तेथे प्रवेश कागदोपत्री एका कनिष्ठ महाविद्यालयात होतो आणि शिकवणी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासच्याच इमारतीत चालते.

मुलींचेच कॉलेज असले म्हणजे जिवाला घोर नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे आणि घरात तेच सर्वांना पटलेले आहे. माझी अडचण निराळी आहे. सुरक्षिततेचा विचार करून आम्ही मुलीला तिथे घातले आणि अभ्यासाच्या बाबतीत ती मागे पडली, तर दोन वर्षांनी ती मलाच विचारेल. मुलींच्या महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण खरोखर गांभीर्याने होते का, तेथील दिवस कसा असतो आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी तेथे राहून करता येते का, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त_रसायन

ताई, मी नाशिकमध्येच मुलींच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्याआधी काही वर्षे मुलामुलींच्या एकत्र महाविद्यालयातही नोकरी केली, त्यामुळे दोन्हीकडचे पाहून लिहीत आहे.

आपण ज्याला अभ्यासाचा प्रश्न म्हणता, त्याचे उत्तर मला प्रयोगशाळेत मिळाले. एकत्र वर्गात चार-चार विद्यार्थ्यांचे गट केले की ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची काचनळी, जवळजवळ नेहमी मुलाच्या हातात जाई आणि वाचन वहीत उतरवण्याचे काम मुलीकडे येई. कोणी कोणावर जबरदस्ती करत नसे, मुलींचे अक्षर चांगले असते एवढेच कारण सांगितले जाई. परिणामी उत्कृष्ट जर्नल लिहिणाऱ्या, परंतु पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात फिकट गुलाबी रंग नेमक्या कोणत्या थेंबाला टिकतो हे स्वतः कधीच न पाहिलेल्या मुली बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला उभ्या राहत. मुलींच्या महाविद्यालयात ब्युरेट धरायला दुसरे कोणी नसतेच. पहिल्या महिन्यात काचसामान भरपूर फुटते, ते फुटू द्यावे लागते, आणि दिवाळीनंतर त्याच मुली मला न विचारता स्टँड लावून कामाला लागलेल्या दिसतात. स्नेहसंमेलनाचे मांडव, ध्वनिवर्धक, हिशेब यांचेही तसेच. ही गोष्ट गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून पालकांच्या लक्षात येत नाही.

मात्र, मुलींचे महाविद्यालय आहे म्हणून तेथे शिकवणे आपोआप चांगले असेल, असे मी म्हणणार नाही. जेथे तास होत नाहीत, तेथे मुलींचे असले काय आणि मुलांचे असले काय, सारखेच. म्हणून प्रवेशापूर्वी प्राचार्यांच्या दालनात बसून माहितीपुस्तिका चाळण्याऐवजी सरळ प्रयोगशाळा दाखवण्याची विनंती करावी. परिचराला विचारावे की आठवड्यात किती तुकड्या येतात. गेल्या वर्षीच्या मुलींची जर्नले पाहायला मागावीत. सर्व वह्यांत सारखीच वाचने, तीही एकाच शाईत आणि एकाच दिवशी उतरवलेली दिसली, तर काय समजायचे ते आपण समजालच.

आता गुणांचे गणित. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. गणितात ही विभागणी ८० आणि २० अशी आहे. नीट ७२० गुणांची असून तिच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि तिचा साधारण पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. ‘अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष’ ही आपल्याकडची जुनी समजूत या एका आकड्यानेच खोटी ठरते, तरीही ती जात नाही.

सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलींना पहिली सहामाही जड जाते, कारण दहावीपर्यंत शिक्षक समजावून सांगताना मराठीचा आधार देत असतात आणि अकरावीत तो एकदम निघून जातो. आपली मुलगी पहिल्या घटक चाचणीत पन्नास टक्क्यांवर आली, तर घाबरून क्लास बदलू नये. दिवाळीपर्यंत थांबावे.

उत्तर २ : इंदिरानगरचा_बाबा

वरील प्रतिसाद आदराने वाचला, तरीही थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या मुलीने इंटिग्रेटेड वर्गातूनच तयारी केली आणि तिला अभियांत्रिकीला हवी ती शाखा मिळाली. राज्यातील अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या गुणवत्तेवर होतो. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी तीन विषयांत मिळून ४५ टक्के असले की पात्रता पूर्ण होते. मग जर्नलच्या अक्षरासाठी रोज दोन तास का घालवायचे, हा प्रश्न व्यवहारी पालकांनी विचारला तर तो अगदीच चुकीचा नाही. आमच्या मुलीला प्रयोग आले नाहीत हे खरे आहे, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ते तिला जाणवलेही. पण त्याआधी प्रवेश मिळणे आवश्यक होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. शासनाने जून २०१८ मध्ये आपल्या विभागासह काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, ती याच पद्धतीला आळा घालण्यासाठी. त्यामुळे कागदोपत्री महाविद्यालय हजेरीची व्यवस्था कशी लावते, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारून घ्या. आम्ही विचारले नाही, आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या वेळी आम्हाला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या.

उत्तर ३ : आयुर्वेद_द्वितीय_वर्ष

काकू, मी सध्या बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेद पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. दिंडोरी तालुक्यातून येऊन नाशिकमध्ये मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोन वर्षे राहिले. माझा प्रवेश नीटमधूनच झाला, म्हणून दिवसाचे वेळापत्रक सांगते. सकाळी साडेसातला तास सुरू होत, साडेबारापर्यंत ते संपत, आठवड्यातून तीन दिवस दुपारी प्रात्यक्षिके असत आणि उरलेल्या वेळेत मी जवळच्या एका लहान क्लासला फक्त भौतिकशास्त्रासाठी जात असे. संध्याकाळी सातला वसतिगृहाचे दार बंद. रात्री नऊ ते अकरा अभ्यासिकेत बसणे सक्तीचे होते आणि त्या वेळेत मोबाइल अधीक्षिका बाईंच्या कपाटात जमा असे. पहिले तीन महिने मला त्या कपाटाचा विलक्षण राग होता.

अभ्यासाबद्दल सांगायचे तर जीवशास्त्राला एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचावे लागते आणि बोर्डासाठी बालभारतीचे. दोन्ही संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. माझी चूक अशी झाली की मी दोन्ही पुस्तकांच्या वेगवेगळ्या वह्या केल्या. नंतर एका मैत्रिणीने बालभारतीच्या पुस्तकाच्या समासातच दुसऱ्या पुस्तकातला जादा मजकूर लिहिण्याची पद्धत दाखवली आणि माझा निम्मा वेळ वाचला.

मुलींच्याच महाविद्यालयात असल्याचा फायदा मला वर्गात जाणवला. शंका विचारताना मागच्या बाकावरून कोणी हसेल, ही धास्ती नव्हती. पाळीच्या दिवसांत पोटात दुखत असेल तर बाईंना तसे सरळ सांगता येत असे, डोके दुखते असा बहाणा करावा लागत नसे. तोटाही सांगते. बीएएमएसला आल्यावर मुलांबरोबर गटात काम करताना पहिले सहा महिने मी गरजेपेक्षा जास्त गप्प होते. आता तसे नाही.

जेवणाची मात्र तयारी ठेवा. मेसची डाळ पातळ असते, आणि रविवारी घरून आलेला चिवडा सोमवारी संपतो, कारण तो एकटीने खायचा नसतो.

उत्तर ४ : माजी_सैनिक_देवळाली

ताईंनी ‘थोरली मुलगी’ असे लिहिले आहे, त्यावरून धाकटीही असावी असे गृहीत धरून लिहितो. नाशिकमध्ये २०२३ पासून राज्य शासनाची मुलींसाठीची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था सुरू आहे. छत्रपती संभाजीनगर येथे मुलांसाठी अशी संस्था १९७७ पासून होती. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, दारे मुलींना उघडल्यावर मुलींसाठी ती नाशिकला आली. तेथे निवासाची सोय, अकरावी-बारावी विज्ञान आणि एनडीएची तयारी असे एकत्र चालते. जागा मोजक्या असतात आणि अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो, त्यामुळे थोरलीसाठी ती संधी गेली. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, तीत १७ छात्रा होत्या.

थोरलीसाठी एवढेच सुचवतो की भीती नसेल तर तिने गणित सोडू नये. हवाई दल आणि नौदल यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. सोळाव्या वर्षी बंद केलेले दार पुन्हा उघडायला फार खटपट पडते.

द्राक्षबाग_निफाड

सर्वांचे मनापासून आभार. धाकटी आठवीत आहे आणि हा मजकूर तिने माझ्याआधी वाचला आहे, एवढेच सांगते.

काल आम्ही दोघे नाशिकला जाऊन आलो. मुलींच्या महाविद्यालयात मी जर्नले पाहायला मागितली, तेव्हा तेथील बाईंना आधी आश्चर्य वाटले आणि मग त्यांनी स्वतः कपाट उघडून दिले. वह्यांत खाडाखोड होती, दोन ठिकाणी ‘पुन्हा करा’ असा लाल शेरा होता. मला ते बरे वाटले. क्लासच्या कार्यालयात प्रयोगशाळेबद्दल विचारले असता ‘ती परीक्षेच्या आधी आठ दिवस करून घेतो’ असे उत्तर मिळाले.

आता अडचण वसतिगृहाची आहे. यजमानांचे मत असे की मुलीने रोज एसटीने यावे-जावे; गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो आणि अंतरही चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. शिवाय जानेवारी ते मार्च आमच्या बागेचा हंगाम असतो, तेव्हा घरात कोणी असलेले बरे, असेही त्यांच्या मनात आहे. ते त्यांनी बोलून दाखवलेले नाही.

निवृत्त_रसायन

ताई, न बोललेल्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा अलीकडे जानेवारीच्या अखेरीपासून आणि लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात, म्हणजे आपला हंगाम आणि तिची परीक्षा एकाच वेळी येणार. निफाड-दिंडोरीच्या कित्येक मुलींच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. घरी असलेल्या मुलीला कोणी कामाला लाव म्हणत नाही, परंतु मजुरांचा चहा, आलेल्या व्यापाऱ्याला पाणी, धाकट्यांचे डबे हे तिच्याकडे न सांगता येते. अकरावीचे पहिले सत्र तिने ये-जा करून काढले तर चालेल. बारावीला मात्र ती नाशिकमध्ये असावी.

दुसरे कारण रस्त्याचे. साडेसातच्या तासाला पोहोचायचे तर तिला सहाच्या आत गावातून निघावे लागेल, चांदोरीपासून पुढे वाहतूक वाढत जाते आणि निमाणीला उतरून कॉलेज रोडसाठी पुन्हा सिटीलिंकची बस धरावी लागते. त्यात ती बारावीत जाईल त्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या आहेत. त्या दिवसांत पंचवटीकडून शहरात येणे म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. नेमका तोच काळ पहिल्या सत्र परीक्षेच्या तयारीचा असतो.

सुट्टीच्या दिवशी अभ्यासाला बसण्यासाठी वसतिगृहाच्या खोलीपेक्षा ग्रंथालय बरे. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. तिला एकदा तेथे घेऊन जा, पुढे तिची ती जाईल.

प्रवेशाच्या अर्जाविषयी शेवटची आणि महत्त्वाची सूचना. अकरावीची प्रक्रिया ऑनलाइन आहे आणि अर्जात जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम देता येतात. पहिल्या क्रमांकाच्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. तो नाकारल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थिनी बाहेर पडते. वसतिगृहाचा प्रवेश मात्र या प्रक्रियेत येत नाही, तो महाविद्यालय स्वतंत्रपणे देते. तेव्हा सोमवारी अधीक्षिकांना भेटून बारावीच्या वर्षासाठी जागा मिळेल का, आणि त्यासाठी अकरावीतच नाव नोंदवावे लागते का, हे लेखी विचारून घ्या. पहिला पसंतीक्रम त्यानंतरच भरा.