आधी बिल्ड, मग वेगाच्या गप्पा

खटपट्या
पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेवर काल वाचलेल्या एका लेखाने डोकं फिरलंय. म्हणे, ‘जुन्या मशिनसाठी बिल्ड (त्यावर चालणारी तयार आवृत्ती) सांभाळणं ही वेळेची नासाडी, पायथॉनने फक्त वेग बघावा.’ पुरावा काय, तर पायथॉन ३.१४ च्या नव्या इंटरप्रिटरचा, म्हणजे कोड चालवणाऱ्या भागाचा, ९ ते १५ टक्के जास्त वेग! अहो, तो आकडा कधीच पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि महिन्याभरात कळलं की तुलनेतलं जुनं बिल्ड क्लँग १९ या कंपायलरने (कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) केलेलं होतं. त्या कंपायलरमधल्या चुकीने जुना इंटरप्रिटर उगाच मंदावला होता. खरा फायदा ३ ते ५ टक्के. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचं बिल्ड शेजारी चालवलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. बिल्ड सांभाळणाऱ्यांना हमाल समजू नका.

मुळाकाठ
चूक पायथॉनच्या डेव्हलपरांनी उघडपणे मान्य करून आकडा सुधारला, हे का गाळलंत? आणि बिल्ड सांभाळणार कोण? पेप ११ या पायथॉनच्या नियमाप्रमाणे सपोर्टच्या सगळ्यात खालच्या, तिसऱ्या टियरलासुद्धा एक कोअर डेव्हलपर (मुख्य टीमचा माणूस) आणि भरवशाचा बिल्डबॉट (आपोआप बिल्ड करून तपासणारं मशिन) लागतो. मागच्या नोकरीत आमच्या टूलचं ३२-बिट विंडोज बिल्ड दोन वर्षं मी एकट्याने ओढलं. रात्री अकराला बिल्ड लाल, म्हणजे फेल, बायको जेवायला थांबलेली. वापरणारे किती? चार जण.

सांगलीचा मास्तर
त्या चारांत आम्ही असतो, साहेब. शाळेच्या लॅबमध्ये अकरा पीसी, सगळे विंडोज ७. पायथॉन ३.९ पासून त्यावर चालत नाही, म्हणून ३.८ वर शिकवतो. परवा एका मुलीने पुस्तकातला मॅच-केसचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला. सिंटॅक्स एरर! मॅच आलंय ३.१० मध्ये. ती तीनदा स्पेलिंग तपासत बसली. तिचं काय चुकलं?

मुळाकाठ
विंडोज ७ मायक्रोसॉफ्टनेच जानेवारी २०२० मध्ये सोडलं. ३.८ चा सपोर्टही ऑक्टोबर २०२४ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स टाका, एका दुपारचं काम.

सांगलीचा मास्तर
दुपार तुमची, लॅब आमची! मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, प्रिंटरचा ड्रायव्हरही. बंद पडलं की मुख्याध्यापक मला बोलावतात, तुम्हाला नाही. पुण्यात बसून सल्ले देऊ नका.

मुळाकाठ
पुण्याचा काय संबंध? मी इचलकरंजीचा आहे. फुकट राबणाऱ्यांनी तुमच्या प्रिंटरसाठी जागायचं का, एवढंच विचारतोय.

खटपट्या
मास्तर, विंडोज ७ साठी मीही भांडणार नाही, मालकानेच सोडलंय ते. पण मुळाकाठ, पायथॉन ३.११ साठी जाहीर झालेला सरासरी १.२५ पट वेग उबंटू लिनक्सवर जीसीसीने केलेल्या बिल्डचा होता. विंडोजवाल्याने तो आपला का मानावा? माझं म्हणणं तिथे आहे.

मुळाकाठ
बरं. आकडा छापण्याआधी दोन कंपायलर आणि दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) हवेत, एवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही.

सांगलीचा मास्तर
उबंटूचा पेनड्राइव्ह पाठवा. कोपऱ्यातल्या एका पीसीवर टाकतो. प्रिंटर चालला तर पुढचं बोलू.